वरची धार

न्हावी म्हणायचा, "दूधमावशीच्या दुधात पाणी निघालं, तर मी माझी मिशी उतरवीन." त्याची मिशी चांगली झुपकेदार होती आणि वर्षानुवर्षं जागच्या जागी होती. दूधमावशीच्या दुधाबद्दल आणखी कुणाला विचारायची गरज पडत नसे.

तिचं माप तर त्याहून नावाजलेलं. पितळी माप ती काठोकाठ भरायची, गिऱ्हाइकाच्या भांड्यात उपडं करायची, शेवटचा थेंब निथळेपर्यंत धरून ठेवायची, आणि मग किटली कलती करून वर आणखी एक धार सोडायची. ही वरची धार फुकट. सासूने शिकवलेलं, आणि सासू गेल्यावरही मावशीने कधी हात आखडता घेतला नव्हता. गल्लीतल्या बायका माप मिळाल्यावरही भांडं तसंच पुढे धरून ठेवायच्या. धार पडली की मगच आत वळायच्या.

त्या वर्षी उन्हाळा संपता संपेना. ओढ्याकाठचं गवत मुळासकट करपलं. तिचा मुलगा सायकल घेऊन वैरणीच्या शोधात उजाडताच बाहेर पडे, तो उन्हं डोक्यावर आल्यावर घामाने निथळत परते, आणि सायकलवरचा भारा दिवसेंदिवस लहान होत चालला होता. म्हशींच्या पाठीची हाडं वर आली. फाटक्या कानाची म्हैस तर पान्हा चोरू लागली. मावशी तिला थोपटायची, गोंजारायची, मग तिच्या सात पिढ्या उद्धरायची, पण बादलीत धार वाजायची ती किरकिरी, जीव नसलेली.

एक गोष्ट मात्र मावशीने सोडली नाही. दूध कितीही कमी निघो, चौथा सड ती पिळत नसे. तो पारडाचा. "मुक्या जिवाचा तळतळाट घेऊ नये," असं म्हणून ती पारडाचं दावं सोडायची, आणि पारडू धडपडत जाऊन म्हशीच्या पोटाखाली शिरायचं.

गिऱ्हाइकाचं माप कमी करणं तिला बापजन्मी जमलं नसतं. मग जे काही कमी झालं ते घरात. आधी घरचा चहा काळा झाला. मग सुनेच्या पेल्यातलं दूध गेलं. सून बाळंतीण होती, तान्हा मुलगा तिच्या अंगावर पीत होता, पण ती बोलणाऱ्यातली नव्हती. आणि मग पाळी आली लोणीच्या वाटीची.

लोणी म्हणजे नात. जन्मली तेव्हा अशी गुबगुबीत होती की मावशीनेच तिला लोण्याचा गोळा म्हटलं, आणि पुढे त्याचं नुसतं लोणी झालं. चालायला लागली, दोन शब्द बोलायला लागली आणि भाऊ आला. तो आला तसं तिचं आईच्या अंगावरचं सुटलं. सकाळ-संध्याकाळ पातळ पेज आणि वाटीभर दूध, यावर तिचं भागत होतं. त्या वाटीत मावशीने आधी थोडं पाणी घातलं. मग अर्धं. पुढे पुढे तर वाटीत पाणीच असे आणि दूध नावाला.

"पोराला घट्ट दूध बाधतं," ती सुनेला म्हणाली.

असं तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. पण चार वेळा तोंडाने म्हटल्यावर तिचं तिलाच ते खरं वाटू लागलं.

आणि नवल म्हणजे, त्या पाण्यावर लोणी भरली! गाल वर आले, डोळे गालांत बुडाले. पावलं अशी गुबगुबीत झाली की चपला होईनात. मावशीला मनातून थोडी धास्ती होती ती पार गेली. उलट ती रोज सकाळी लोणीला कडेवर घेऊन फेरीला निघू लागली. एका हातात किटली, दुसऱ्या कडेवर नात. आपल्या दुधाची याहून चांगली खूण ती कोणती दाखवणार होती!

"अगं बाई, बाळसं बघा पोरीचं!" शिंपीण म्हणायची. शिंपीण म्हणजे गल्लीच्या तोंडाशी ओटा असलेली, जिभेने कात्रीपेक्षा बारीक कातरणारी बाई. तिने लोणीचा गाल चिमटीत धरला. "आमचा कार्टा बघा, खाऊन खाऊन काडी तो काडीच."

"आमच्याच दुधाचं आहे हो ते," मावशी म्हणाली आणि शिंपिणीच्या भांड्यात जरा मोठीच धार सोडली.

"शहाणी तरी किती. रडणं नाही, हट्ट नाही."

खरंच, लोणी रडत नव्हती. हसतही नव्हती. आजीच्या खांद्यावर मान टाकून ती एकाच जागी बघत बसायची. कुणी केसांवरून हात फिरवला तर हाताला केस लागून यायचे. काळेभोर केस तांबूस होत चालले होते. "उन्हात असते ना सारखी," मावशी म्हणायची.

सून एकदा बोलली. शेणाची पाटी उचलता उचलता, खाली बघत.

"आई, लोणी उठत नाही हो सकाळपासून. उभी केली की बसते."

"जडावलीय. अंग धरलंय पोरीने, उठवेल कसं?"

"पेज तोंडाशी नेली तरी मान फिरवते."

"पोट भरलेलं असेल. तुझं आपलं काहीतरीच." मावशीने बादली उचलली. "जा, म्हशीला पाणी दाखव."

सुनेने पाटी डोक्यावर घेतली आणि ती गेली.

फेरीतलं शेवटचं भांडं नर्सबाईचं. दवाखान्याच्या मागच्या बाजूला तिची खोली होती. एरवी भांडं दाराशी झाकून ठेवलेलं असे आणि मावशी त्यात दूध ओतून निघून जाई. त्या दिवशी नर्सबाई दारातच केस विंचरत उभी होती.

"मावशी, तुमच्या दुधाच्या चहाशिवाय माझा दिवस सुरू होत नाही," ती म्हणाली, आणि तिची फणी केसांतच थांबली. "हिला इकडे द्या जरा."

"बाळसं धरलंय पोरीने," मावशी सवयीने बोलून गेली.

नर्सबाई हसली नाही. तिने लोणीला पायरीवर बसवलं, तिच्या पावलावर अंगठा दाबून धरला, आणि मग उचलला. अंगठ्याखाली खळगा पडला होता. मावशी बघत राहिली. मळलेल्या कणकेत बोट खुपसावं तसा तो खळगा होता, आणि तो भरून यायचं नाव घेईना. नर्सबाईने दुसऱ्या पावलावर दाबलं. तिथेही तेच. मग ती आतून तीन रंगांची एक कागदी पट्टी घेऊन आली आणि लोणीच्या दंडाला गुंडाळली. सगळं अंग फुगलेलं, पण दंड तेवढा काडीसारखा होता. हे मावशीने कधी पाहिलंच नव्हतं, कारण ती पोरीला नेहमी लांब बाह्यांच्या झबल्यातच बघत होती. पट्टी लाल रंगावर थांबली.

"बाळसं नाही मावशी हे. सूज आहे. पोर उपाशी आहे."

मावशीला हसूच आलं. "अहो बाई, कुणाला बोलताय? दूधवालीची नात ही!"

ती हे जरा मोठ्यानेच बोलली. दवाखान्याच्या व्हरांड्यात बायका नंबर लावून बसल्या होत्या, त्यांच्या माना वळल्या. त्यांत खोकणाऱ्या पोराला घेऊन शिंपीणही होती.

नर्सबाईने एका माणसाला सायकलवर पाठवून सुनेला बोलावून घेतलं. सून आली ती धावत, हातांना शेण तसंच, तान्हा खांद्यावर. तोवर मावशी व्हरांड्यातल्या बाकावर नातीला मांडीवर घेऊन बसली होती, आणि शेजारच्या बायका तिच्यापासून किंचित सरकून बसल्या होत्या, की तिला तसं वाटत होतं.

"दिवसभरात खाते काय ही?" नर्सबाईने विचारलं.

"दूध. पेज," मावशी म्हणाली.

"दूध किती?"

"दोन्ही वेळा वाटी भरून."

"निव्वळ दूध?"

सगळा व्हरांडा ऐकत होता. ज्या बायकांच्या भांड्यांत ती रोज धार सोडायची त्याच बायका. आणि मग तिच्या तोंडून जे निघालं, ते तिला पुढे कितीतरी दिवस कानात ऐकू येत राहिलं.

"मी दिवसभर बाहेर असते हो. घरात बघणारी ही. हिचं सगळं लक्ष तान्ह्याकडे."

सुनेने तिच्याकडे पाहिलं. त्या घरात आल्यापासून तिने सासूकडे असं सरळ कधी पाहिलं नव्हतं.

"पाणी घालून देतात," ती नर्सबाईला म्हणाली. "दुधात पाणी नाही, पाण्यात दूध. मी बघते ना रोज. दूध कमी पडलं की आमच्या वाटीतलं जातं, गिऱ्हाइकाचं जात नाही. पारडासाठी रोज एक सड सोडतात, बाई. मुका जीव म्हणून. माझ्या पोरीला तरी कुठे बोलता येत होतं?"

शिंपिणीचं पोर खोकायचं थांबलं. मावशीला वाटलं, आत्ता या बाकाखाली शिरता आलं असतं तर बरं झालं असतं. सुनेने पुढे होऊन तिच्या मांडीवरून लोणीला उचललं, आणि मावशीचे हात रिकामे झाले. त्या हातांचं काय करावं ते तिला कळेना. तिने किटलीचं झाकण काढलं आणि पुन्हा लावलं.

दुपारच्या आत दवाखान्याच्या गाडीतून सून दोन्ही पोरांना घेऊन मोठ्या दवाखान्यात गेली. मावशीला गाडीत ये असं कुणी म्हटलं नाही, आणि येते असं तीही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे धार काढली तेव्हा मावशीने फाटक्या कानाच्या म्हशीचं सगळं दूध वेगळं ठेवलं. निव्वळ, फेसाळलेलं. त्याची किटली भरून, फडकं बांधून, फेरी मुलावर सोपवून ती मिळेल त्या टेम्पोने मोठ्या दवाखान्यात पोचली. पोरांच्या वॉर्डात खाटा चिकटून चिकटून लावलेल्या होत्या. खाटेखाटेवर तसलीच पोरं होती. काही सुजलेली, काही नुसती कातडी. आणि त्यांचा आवाज नव्हता. एवढी पोरं एका खोलीत आणि इतकी शांत, हे तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

लोणीच्या नाकात नळी होती. सून खाटेच्या कडेला बसून तान्ह्याला पाजत होती. तिने सासूला पाहिलं आणि सरकून जागा करून दिली.

"सिस्टर, हे दूध आणलंय," मावशी वॉर्डच्या सिस्टरला म्हणाली. "पाण्याचा थेंब नाही. घरच्या म्हशीचं."

"बाहेरचं दूध इथे चालत नाही, आजी. पोरांसाठी इथलंच."

सिस्टर टेबलापाशी पुडी फोडून पाण्यात भुकटी कालवत होती. मावशी बघत होती. जन्म दुधात गेलेला. भांड्याच्या काठावरून घसरणारा तो घोट बघून तिला राहवलं नाही.

"अहो, हे तर पातळच आहे!"

क्षणभर तिच्या तोंडावर चक्क आशा आली. बघा, इथेही पातळच देतात.

"पहिले काही दिवस असंच द्यावं लागतं," सिस्टर म्हणाली. "उपाशी पोटाला एकदम जड दिलं तर पोर हातची जाते. पण हे नुसतं पाणी नाही, आजी. हिला लागतं ते सगळं यात आहे, मापाने."

आपल्याला असं वाटावं याचीच मावशीला लाज वाटली. तिने किटली खाटेखाली सरकवली. जरा वेळाने पुन्हा ओढून काढली, वॉर्डच्या कोपऱ्यातला पेला विसळून आणला, भरला आणि सुनेपुढे धरला.

"तू तरी घे."

सुनेने पेल्याकडे बघितलं. बराच वेळ तिने तो घेतला नाही. मग एका हाताने घेतला आणि न थांबता पिऊन टाकला. इतक्या घाईने, की दूध तिच्या हनुवटीवरून ओघळलं. तेव्हा कुठे मावशीच्या लक्षात आलं की हिलाही भूक होती.

पुढचे दिवस मावशी तिथेच राहिली. धार आणि फेरी मुलाने सांभाळली. लोणीची सूज उतरू लागली. सिस्टर म्हणाली, चांगलं लक्षण आहे. मावशी बघत होती. आधी डोळे मोकळे झाले, मग गाल बसले, मग पावलं. फुगवटा गेला तशी खालून जी लोणी निघाली तिच्यात काही म्हणता काही उरलं नव्हतं. बरगड्या, गुडघे आणि मोठं डोकं. मांड्यांची कातडी सैल लोंबत होती. हीच ती पोर, जिला कडेवर घेऊन आपण दारोदार मिरवलं. तिने लोणीवर पांघरूण ओढलं. मग सिस्टर येऊन तपासू लागली तेव्हा पुन्हा काढावं लागलं.

नाकातली नळी निघाली, आणि एका सकाळी लोणी रडली. वाटी पुढे यायला उशीर झाला म्हणून, चिडून, चांगली घसा फोडून रडली. अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला आणि सिस्टर हसली. सून तोंड झाकून रडायला लागली. मावशीला वाटलं आपणही सुनेच्या पाठीवर हात ठेवावा. तिने ठेवला. सुनेने तो झटकला नाही, एवढंच.

त्याच दिवशी मुलगा आला. लेकीजवळ जरा वेळ बसला, मग आईला बाहेर जिन्यापाशी घेऊन गेला.

"आई, गिऱ्हाईक तुटतंय. कुणी म्हणतं नको, कुणी भांडंच बाहेर ठेवत नाही. म्हणतात, दवाखान्यात सुनेनेच कबूल केलं की दुधात पाणी घालतात. न्हाव्याच्या दुकानात तर हसून हसून पुरेवाट. मिशी कधी उतरवतोस म्हणून त्याला सतावतात."

मावशी पायरीवर बसली. सगळा जन्म ज्याला भ्यायली, ते असं आडवाटेने दाराशी आलं होतं.

"मी काय म्हणतो, ऐक," मुलगा इकडेतिकडे बघत म्हणाला. "अजून कुणाला काही नाही सांगितलं. पण सांगता येईल. म्हणायचं, सुनेनेच पोरीच्या वाटीत घातलं असेल, घरातलं आपल्याला काय माहीत. ती काय बाहेर येऊन सांगणार आहे? तू एकदा सांगितलंस की लोक ऐकतील. तुझा शब्द आहे."

"हे मी एकदा करून बसले," मावशी म्हणाली.

"काय?"

"काही नाही. उद्या फेरीला मी जाते. तू लोणीजवळ थांब."

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाशी ती पोचली तेव्हा बायका शिंपिणीच्या ओट्यावर जमलेल्याच होत्या. भांडी हातात होती, पण कुणी पुढे करत नव्हतं.

"मावशी, राग मानू नका," शिंपीण म्हणाली. "आमच्याही घरात लेकरं आहेत. खात्री करून घेतलेली बरी."

तिने किटलीत बोट बुडवून एक थेंब अंगठ्याच्या नखावर घेतला आणि नख कलतं केलं. सगळ्या वाकून बघू लागल्या. थेंब जागचा हलला नाही, पांढराशुभ्र बसून राहिला. मावशीला उगीच दुसरा एक अंगठा आठवला, आणि दुसरा एक खळगा.

"आज तरी नाही पाणी," शिंपीण म्हणाली.

"तुमच्या दुधात कधीच नव्हतं," मावशी म्हणाली. रात्रभर घोकलेलं वाक्य तोंडात येईना, म्हणून ती मिळेल तसं बोलत गेली. "पाणी मी घातलं. माझ्या नातीच्या वाटीत. सुनेने नाही, मीच. म्हशी आटल्या, आणि तुमची मापं भरायची होती. तुमच्यापैकी कुणी म्हणू नये की मावशीचं माप घसरलं. म्हणून पोरीला पाणी पाजलं. ती सुजली, तर तिला बाळसं म्हणून तुम्हाला दाखवत फिरले. तुमच्याच दुधाचं आहे म्हणाले. उपाशी होती ती. माझ्या घरात, माझ्या हाताने."

ती थांबली. आता या काय वाटेल ते बोलतील, आणि आपण ऐकून घ्यायचं, असं तिने मनाशी ठरवलेलं होतं.

"म्हणजे आमच्यात नव्हतं?" मागून एकीने विचारलं.

"नव्हतं."

"हात्तिच्या! एवढंच होय!" शिंपिणीने मोठा सुस्कारा सोडला. "आणि लोक काय काय बोलत होते! मी म्हणतच होते, मावशी असं करायच्या नाहीत. न्हाव्याची मिशी वाचली म्हणायची!"

बायका हसल्या. मोकळं, बरं वाटून हसल्या. एकीने लोणी कशी आहे विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता भांडं पुढे केलं. मावशीचं नाव जसंच्या तसं तिला परत मिळालं होतं. इतक्या सहज मिळालं, की आपण कशासाठी पोरीचा जीव टांगणीला लावला होता हे तिला त्या ओट्यावर, त्या हसण्यात, लख्ख दिसलं. चार शिव्या खाल्ल्या असत्या तर तिला सोसवल्या असत्या. हे सोसवेना.

तिने शिंपिणीचं माप काठोकाठ भरलं, भांड्यात उपडं केलं आणि शेवटचा थेंब निथळेपर्यंत धरून ठेवलं. शिंपीण भांडं तसंच पुढे धरून उभी राहिली. मावशीचा हात सवयीने किटलीकडे गेला, किटली कललीसुद्धा. मग तिने ती सरळ केली.

"वरची धार आता नाही मिळायची, बाई."

"का हो? रागावलात?"

"नाही. ती लोणीची आहे," मावशी म्हणाली, आणि तिने किटलीचं झाकण लावलं. शिंपिणीने भांडं अजून पुढे धरलेलंच होतं.